इंजिनाचा कोंडलेला श्वास

मोटार उभी राहते त्या जागी फरशीवर ऑइलचे थेंब दिसू लागले, की बहुतेक मालक गॅरेज गाठतात. मिस्त्री खाली वाकून पाहतो आणि सील गेल्याचे निदान करतो. सील बदलले जाते, खर्च होतो आणि दोन-तीन महिन्यांनी फरशीवर पुन्हा तोच डाग उमटतो. मग दुसरे सील, त्यानंतर गॅस्केट असा क्रम सुरू होतो आणि अखेरीस ‘इंजिनकाम काढावे लागेल’ हे वाक्य कानी पडते. अशा पुष्कळ प्रकरणांत मूळ दोष सीलचा नसतोच. इंजिनाच्या पोटात दाब कोंडलेला असतो आणि जिथे फट मिळेल तिथून तो ऑइल बाहेर ढकलत असतो. हा दाब वाहून नेण्यासाठी असलेली अंगठ्याएवढी झडप तुंबली आहे काय, हे मात्र कोणी पाहिलेले नसते.

या झडपेचे नाव पीसीव्ही व्हॉल्व्ह. ‘पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन’ या व्यवस्थेचा तो मुख्य भाग. मोटारीच्या जाहिरातीत तिचा उल्लेख नसतो आणि विक्रेताही तिच्याविषयी बोलत नाही. तथापि इंजिनाचे आयुष्य आणि शहराची हवा या दोहोंशी तिचा थेट संबंध आहे.

गळती अटळ असते

पेट्रोल इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर इंधन आणि हवा यांचे मिश्रण पेटते, तेव्हा सिलिंडरमधील दाब काही क्षण वातावरणाच्या दाबाच्या चाळीस-पन्नास पटींपर्यंत चढू शकतो. डिझेल इंजिनात तो याहूनही बराच अधिक असतो. या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो आणि क्रँकशाफ्ट फिरतो. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यात मोकळी जागा ठेवावीच लागते, कारण तापल्यावर धातू फुगतो. ही जागा बंद करण्याचे काम पिस्टनभोवतीच्या रिंगा करतात. परंतु रिंग म्हणजे अखंड कडे नव्हे. तिला एका जागी छेद असतो. तो नसता तर रिंग पिस्टनवर चढविता आली नसती आणि तापल्यावर तिला पसरायला वाव उरला नसता.

या छेदातून व रिंगांच्या कडेने थोडा वायू प्रत्येक स्फोटाच्या वेळी खाली निसटतो. त्याला ‘ब्लो-बाय’ म्हणतात. एका स्फोटामागे हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. मात्र चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी चालत असेल, तर त्यात दर सेकंदाला शंभर स्फोट होत असतात. अगदी नव्या, निरोगी इंजिनातही या गळतीचे प्रमाण मिनिटाला कित्येक लिटर होऊ शकते. रिंगा झिजल्या की ते वाढत जाते. म्हणजे ब्लो-बाय हा बिघाड नसून इंजिनाच्या रचनेतच अंतर्भूत असलेली गोष्ट आहे. बिघाड सुरू होतो तो या वायूला बाहेर पडायला नीट वाट नसली तर.

हा वायू उतरतो तो क्रँककेसमध्ये. क्रँककेस म्हणजे पिस्टनच्या खालची पोकळी. तिच्यात क्रँकशाफ्ट फिरत असतो आणि तळाशी इंजिन ऑइल साठलेले असते. वायू येत राहिला आणि बाहेर पडला नाही, तर झाकण लावलेल्या भांड्यात वाफ कोंडावी तसा दाब वाढत जातो. प्रेशर कुकरची शिट्टी अडकली तर जे होईल, त्याचेच हे सौम्य रूप. क्रँककेसची सीले आतले ऑइल अडविण्यासाठी घडविलेली असतात, आतून येणारा दाब पेलण्यासाठी नव्हे. त्यामुळे जे सील सर्वांत दुबळे, ते आधी हार मानते.

ऑइलचा छुपा शत्रू

नुसता दाब एवढाच प्रश्न असता, तर एक उघडी नळी पुरेशी ठरली असती. पण निसटलेल्या वायूत काय असते हे पाहिले की प्रश्नाचे दुसरे अंग ध्यानात येते. त्याचा मोठा भाग न जळलेल्या इंधन-हवा मिश्रणाचा असतो. उरलेल्या भागात ज्वलनातून निर्माण झालेले कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते.

या वाफेची मात्रा अनेकांना ठाऊक नसते. एक लिटर पेट्रोल जळाले, की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतांश एक्झॉस्टच्या नळीतून निघून जाते. सकाळी सुरू केलेल्या मोटारीच्या नळीतून थेंब टपकतात ते याचेच. परंतु जी थोडी वाफ ब्लो-बायसोबत खाली उतरते, ती गार धातूला लागून पाण्याचे रूप घेते आणि ऑइलमध्ये मिसळते. न जळलेले इंधन ऑइल पातळ करते. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पाणी यांच्या संयोगातून आम्ले तयार होतात आणि ती बेअरिंगचे पृष्ठभाग कुरतडू लागतात. उष्णता, काजळी व ओलावा यांच्या साहचर्यात ऑइल हळूहळू घट्ट होऊन त्याचा काळा चिखल बनतो. गॅरेजच्या भाषेत हा ‘स्लज’. तो ऑइलच्या बारीक वाटा बुजवतो, आणि ज्या भागापर्यंत ऑइल पोहोचत नाही तो भाग फार काळ टिकत नाही.

म्हणून क्रँककेसमधील वायू केवळ बाहेर जाऊ देणे पुरत नाही. तिथे सतत ताजी हवा खेळती ठेवून दूषित वायू धुऊन काढावा लागतो. या व्यवस्थेच्या नावातील ‘व्हेंटिलेशन’ शब्दाला अर्थ आहे तो असा.

उघड्या नळीचा काळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मोटारींमध्ये हा प्रश्न साध्या उपायाने सोडविलेला होता. क्रँककेसमधून एक नळी खाली, रस्त्याच्या दिशेने सोडलेली असे. मोटार धावू लागली, की खालून वाहणाऱ्या हवेमुळे नळीच्या तोंडाशी दाब कमी होई आणि आतला वायू ओढला जाई. त्याची जागा घेण्यासाठी ऑइल भरण्याच्या जाळीदार झाकणातून ताजी हवा आत येई.

या उपायात दोन उणिवा होत्या. मोटार उभी असताना किंवा अगदी हळू चालताना ओढ निर्माणच होत नसे. म्हणजे ज्या परिस्थितीत ऑइल सर्वाधिक खराब होते, नेमक्या त्याच परिस्थितीत वायुवीजन थांबे. दुसरी उणीव अशी, की बाहेर पडणारा वायू थेट हवेत जाई आणि त्यासोबतचे तेलकट तुषार रस्त्यावर पडत.

दुसऱ्या महायुद्धात या नळीची तिसरी अडचण पुढे आली. खोल पाण्यातून पार होणाऱ्या रणगाड्यांच्या इंजिनात त्या वाटेने पाणी शिरण्याचा धोका होता. त्यामुळे नळीचे तोंड बाहेर न ठेवता ते इंजिनाच्याच हवा ओढणाऱ्या मार्गाला जोडण्याची आणि मध्ये नियंत्रक झडप बसविण्याची पद्धत लष्करी वाहनांत आली. पुढे हाच विचार शहरांची हवा सुधारण्यासाठी कामास येणार होता.

लॉस एंजेलिसचे धुरके

२६ जुलै १९४३ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर दाट धुरके उतरले. डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. युद्धाचे दिवस असल्याने शत्रूने विषारी वायू सोडला असावा अशी शंकाही व्यक्त झाली. प्रारंभी संशय कारखान्यांवर होता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मूळचे डच असलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित त्या सुमारास अननसाच्या स्वादद्रव्यांचा अभ्यास करीत होते. त्यांनी तेच कौशल्य शहराच्या हवेकडे वळविले. मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली, की ओझोन व इतर दाहक द्रव्ये तयार होतात, हे त्यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले.

त्यानंतर मोटारीतून हायड्रोकार्बने नेमकी कुठून बाहेर पडतात याचा शोध सुरू झाला. एक्झॉस्टच्या नळीकडे सर्वांचे लक्ष होतेच. परंतु एकूण हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा क्रँककेसच्या त्या दुर्लक्षित नळीतून जातो, असे आढळले. हा हिस्सा थांबविणे सर्वांत सोपे होते. त्यासाठी रासायनिक प्रक्रिया नको होती की महागडा धातू नको होता. एक नळी, एक झडप आणि वायूला पुन्हा इंजिनात नेणारी जोडणी एवढ्यावर काम भागत होते. शिवाय जे इंधन वाया जात होते, तेच परत जाळले जाणार होते.

१९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ही व्यवस्था बसू लागली आणि १९६३च्या मॉडेलपासून अमेरिकेत देशभर. मोटारीच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवण्यासाठी तिथे व्यापक प्रमाणावर बसविलेले हे पहिले साधन. मधली दोन वर्षे का गेली, हा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत पोहोचला. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने बड्या मोटार कंपन्यांवर आणि त्यांच्या संघटनेवर दावा दाखल केला. प्रदूषण-नियंत्रक साधने लांबणीवर टाकण्यासाठी कंपन्यांनी संगनमत केल्याचा आरोप त्यात होता आणि क्रँककेसची ही व्यवस्था त्यातील एक मुद्दा होती. त्याच वर्षी तडजोड झाली. कंपन्यांनी दोष मान्य केला नाही, मात्र असे संगनमत न करण्याचे बंधन स्वीकारले. किरकोळ किमतीच्या एका झडपेभोवती एवढा मोठा वाद उभा राहावा, यावरून तिचे महत्त्व लक्षात येते.

झडप काम कशी करते?

पेट्रोल इंजिनात हवा ओढण्याचे काम पिस्टन करतात आणि ती किती ओढायची हे थ्रॉटल ठरवते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की थ्रॉटल जवळजवळ बंद होतो. पिस्टन मात्र ओढतच असतात. त्यामुळे थ्रॉटलच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब वातावरणाच्या निम्म्याहूनही खाली जातो. या ओढीचा उपयोग करून क्रँककेसमधील वायू खेचून घेतला जातो. त्याची जागा घेण्यासाठी एअर फिल्टरमधून गाळून आलेली ताजी हवा दुसऱ्या नळीने आत येते. एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, असा हा प्रवाह चालू राहतो.

यात एक पेच आहे. आयडलवर, म्हणजे मोटार सिग्नलला उभी असताना, मॅनिफोल्डमधील ओढ प्रचंड असते, पण ब्लो-बाय अगदी थोडा असतो. याउलट घाट चढताना थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, ओढ जवळपास नाहीशी होते आणि ब्लो-बाय सर्वाधिक असतो. म्हणजे गरज आणि ओढ यांचे प्रमाण बरोबर उलटे. नुसती नळी जोडली तर आयडलवर अनावश्यक हवा आत येऊन इंजिन थरथरेल. हा पेच सोडविण्यासाठीच झडप लागते.

तिच्या पोटात स्प्रिंगने रेटलेला एक निमुळता दट्ट्या असतो. इंजिन बंद असताना स्प्रिंग त्याला क्रँककेसच्या बाजूच्या बैठकीवर दाबून मार्ग बंद ठेवते. आयडलवर जोरदार ओढ स्प्रिंगवर मात करून दट्ट्याला पार दुसऱ्या टोकाशी खेचते आणि तिथे वायूला जाण्यासाठी अरुंद फट उरते. रस्त्यावर समान वेगाने जाताना ओढ मध्यम होते, दट्ट्या मधोमध येतो आणि वाट रुंदावते. थ्रॉटल पूर्ण उघडला की ओढ क्षीण होते. झडपेची वाट खुली असली, तरी सगळा वायू तिच्यातून जात नाही. तेव्हा उरलेला वायू ताज्या हवेच्या नळीने उलटा जाऊन थ्रॉटलच्या अलीकडे मिसळतो आणि तिथून इंजिनातच येतो. बाहेर काहीच जात नाही.

दट्ट्याचे आणखी एक काम आहे. मिश्रण चुकून इनटेक मॅनिफोल्डमध्येच पेटले, ज्याला बॅकफायर म्हणतात, तर उसळलेला दाब दट्ट्याला क्षणात बैठकीवर आदळवून वाट बंद करतो. अन्यथा ती ज्वाला क्रँककेसमधील ज्वलनशील वायूपर्यंत पोहोचली असती.

डिझेल आणि टर्बो

डिझेल इंजिनात हवेचे प्रमाण थ्रॉटलने ठरविले जात नसल्याने अशी जोरदार ओढ नसते. तिथे क्रँककेसमधील वायू टर्बोचार्जरच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी नेला जातो आणि ओढ मर्यादेत राहावी म्हणून रबरी पडदा असलेली नियंत्रक झडप बसविलेली असते. टर्बो असलेल्या पेट्रोल इंजिनात प्रसंगी मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी वातावरणाहून अधिक दाब असतो. म्हणून त्यात दोन मार्ग असतात. टर्बो दाब देऊ लागला, की एकमार्गी झडप मॅनिफोल्डकडील वाट बंद करते आणि वायू टर्बोच्या आधीच्या नळीकडे वळतो.

या सर्वांत ऑइलचे तुषार वेगळे काढणारा कप्पा महत्त्वाचा असतो. आडव्या-उभ्या पडद्यांतून किंवा भोवऱ्यासारखा फिरवत वायू नेला, की जड तुषार भिंतीला चिकटून खाली ओघळतात. हा कप्पा अकार्यक्षम झाला, तर ऑइल हवेच्या मार्गात साचते. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या आधुनिक इंजिनांत याचा त्रास अधिक. कारण त्यांत इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडून ते धुतले जात नाहीत आणि तुषारांचे रूपांतर कार्बनच्या थरात होत राहते.

लक्षणे ओळखावी कशी?

झडप बंद स्थितीत अडकली, तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो. सीले व गॅस्केटे ओलसर दिसू लागतात, ऑइल मोजण्याची डिपस्टिक जागेवरून वर सरकलेली आढळते आणि एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचते. उलट, झडप उघडी अडकली तर आयडल डळमळते, मिश्रणात हवा जास्त होते, ऑइलचा खप वाढतो आणि एक्झॉस्टमधून निळसर धूर दिसतो. रबरी पडदा फाटला, तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि चालू इंजिनावर ऑइलचे झाकण ओढून धरल्यासारखे घट्ट लागते.

जुन्या पद्धतीची सुटी झडप काढून कानाशी हलविल्यास आत खडखड ऐकू आली पाहिजे. आवाज नसला, तर दट्ट्या चिकटला आहे. झडप नळीला जोडलेली ठेवून इंजिन आयडलवर चालविले आणि तिच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवले, की ओढ जाणवली पाहिजे. अनेक नव्या इंजिनांत ही झडप वरच्या कव्हरमध्येच घडविलेली असते. तिथे पूर्ण कव्हर बदलावे लागण्याची शक्यता असते आणि खर्च वाढतो. चालू इंजिनाजवळ हात नेणे धोक्याचे असल्याने अशी तपासणी अनुभवी मिस्त्रीकडूनच करवून घ्यावी.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. झडप, नळ्या आणि ऑइल वेगळे काढणारा कप्पा साफ असूनही क्रँककेसमध्ये दाब आढळला, तरच रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा आणि कॉम्प्रेशनची चाचणी करावी. हा क्रम उलटा झाला, तर किरकोळ झडपेऐवजी पूर्ण इंजिन उघडले जाते.

शहरी वापराची किंमत

शहरातील मोटारीला हा धोका अधिक असतो. घर ते कार्यालय चार-पाच किलोमीटर, त्यात निम्मा वेळ सिग्नलला, अशा वापरात ऑइल पुरेसे तापतच नाही. ते तापले असते, तर त्यात मिसळलेले पाणी व इंधन वाफ होऊन या व्यवस्थेद्वारे निघून गेले असते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवेतील दमटपणाची त्यात भर पडते. ऑइलच्या झाकणाच्या आत पिवळसर-पांढरा, लोण्यासारखा थर दिसतो तो याच ओलाव्याचा. केवळ झाकणापुरता असेल, तर तो बहुधा छोट्या फेऱ्यांचा परिणाम असतो. डिपस्टिकवरही दिसला, तर मात्र कूलंटची गळती नाही ना, हे तातडीने पाहावे. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग मोटार चालविणे आणि ऑइल किलोमीटरांबरोबर महिन्यांच्याही मुदतीने बदलणे, हे यावरील साधे उपाय.

भारतात नव्या प्रारूपाला मान्यता देताना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत ज्या चाचण्या होतात, त्यांत एक्झॉस्टबरोबरच क्रँककेसमधून वायू बाहेर सुटत नाही ना, याचीही स्वतंत्र तपासणी असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनी एक्झॉस्टच्या मर्यादा आणखी कडक केल्या. परंतु मोटार रस्त्यावर आल्यानंतर होणारी पीयूसी तपासणी एक्झॉस्टच्या नळीपुरतीच असते. पेट्रोल मोटारीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बनांचे प्रमाण, डिझेलमध्ये धुराची घनता. निखळलेली किंवा चिरलेली क्रँककेसची नळी तिथे पकडली जाईलच असे नाही. ऑइल ‘फेकते’ म्हणून ती नळी काढून खाली मोकळी सोडण्याचा उपाय काही ठिकाणी केला जातो. त्यामुळे फिल्टर स्वच्छ राहतो खरा, पण मोटार सत्तर वर्षे मागे जाते आणि तिचा विषारी श्वास मागच्या दुचाकीस्वाराच्या वाट्याला येतो.

पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी ऑइल आणि फिल्टर यांच्या यादीत या झडपेची व तिच्या नळ्यांची तपासणी मालकाने स्वतःहून लिहून द्यावी. मालकासोबतच्या पुस्तिकेत तिची मुदत दिलेली असेल, तर ती पाळावी. सील बदलण्याआधी इंजिनाला श्वास घेता येतो आहे ना, एवढे पाहिले, तरी मोठा खर्च टळू शकतो.